आमची पंगत बसेपर्यंत वाढपी हात धुऊन मोकळे

4 जून 2024 आठवतोय ना, लोकसभेचा निकाल? इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आम्ही आदल्या रात्री साडेदहापासून टीव्हीसमोर, बारामतीचं काय, सांगलीचं काय, पहाटेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता धिंगाणा. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं मतदान, जे प्रत्येक राज्यात वेगवेगळ्या तारखांना होतं! डोळे चोळत मत द्यायला गेलो तर तिथे मी आणि टेबलामागच्या दोन आजीबाई. कुठल्या पार्टीचा बॅलट देऊ म्हणाल्या, सांगितलं, सही केली, चार मिनिटांत बाहेर.

गर्दी होणार तरी कशाला, बायडन आणि ट्रम्प दोघांनीही उमेदवारीला लागणारा डेलिगेट्सचा (पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या राज्याराज्यांच्या प्रतिनिधींचा) आकडा 12 मार्चलाच गाठला होता.

माझं म्हणणं एवढंच की इथे किती मतं पडली यापेक्षा ती कधी पडली याला जास्त भाव आहे. 2020 चंच बघा. बायडन सुरुवातीच्या आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, सगळ्यांनी त्यांना जवळपास निकालात काढलेलं, मग 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलिना जिंकलं आणि दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचर या त्यांच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्धी दोघांनी गाशा गुंडाळून त्यांना पाठिंबा दिला, 3 मार्चच्या सुपर ट्युजडेला (एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांचं मतदान) 14 पैकी 10 राज्यं खिशात. हेच साउथ कॅरोलिना जूनमध्ये असतं तर? रिपब्लिकनांचं आणखी वेगळं, 2016 ला तिथेच ट्रम्पना जेमतेम एक तृतीयांश मतं आणि डेलिगेट्स मात्र 50 च्या 50.

छोटी राज्यं आधी घेतली की कमी पैशाचा उमेदवारही दारोदार फिरून टिकतो म्हणतात, ते पटतं मला. पण मग दरवेळी तीच तीन-चार का? फिरवा ना नंबर, एकदा आम्हालाही पहिल्या पंगतीला बसवा.

(पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म शेवटच्या रात्री कुणाच्या हातात पडेल हे जिथे कुणालाच कळत नाही त्या देशातून आलोय, त्यामुळे फार बोलायचा हक्क नाही म्हणा.)

पुढचं तर माहीतच आहे. 21 जुलैला बायडननी माघार घेतली, ऑगस्टच्या सुरुवातीला डेलिगेट्सनी ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिसना उमेदवार केलं, ज्यांचं नाव प्रायमरीच्या बॅलटवर नव्हतंच. आईला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या दिवशी सरळ झोपायचंस की रे."