आमच्या सोसायटीचा दहावा माणूस

सोसायटी बिल्डर करून देणार होता. "पझेशन झालं की लगेच," असं म्हणालाही होता. पझेशनवरून तीन दिवाळ्या गेल्या तेव्हा जिन्यातल्या बैठकीत मी सहज विचारलं, "आपणच नोंदवली तर?" एवढंच. पाच मिनिटांत मी मुख्य प्रवर्तक, म्हणजे नोंदणीसाठी धावपळ करणारा, झालेला होतो. आमच्या इमारतीत प्रश्न विचारणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं, म्हणून तर बाकीचे नुसती मान डोलावतात.

हे २०१३ साल. ९७ वी घटनादुरुस्ती आदल्याच वर्षी लागू झाली होती आणि सहकारी संस्था काढणं हा आता नागरिकाचा मूलभूत हक्क होता. हक्क सरकारने दिला, झेरॉक्स आपल्या आपण काढायच्या.

पहिली लढाई नावाची. नाव आधी राखून घ्यावं लागतं, मग बँकेत खातं उघडायची परवानगी, मग त्या खात्यात माणशी पाचशे रुपये भागाचे आणि शंभर प्रवेश फी. चौदा फ्लॅट, त्यामुळे नावंही चौदा. गणपतीवाले, स्वामीवाले, आणि एक गृहस्थ ‘ब्लू हेवन’वाले. एकमत झालं ते फक्त शेवटच्या शब्दावर, कारण ‘मर्यादित’ हा शब्द कायद्यानेच घालावा लागतो. उत्साहाबद्दलही तेच म्हणता येईल.

संस्था नोंदवून घेणाऱ्या निबंधकांच्या कचेरीतले क्लार्क स्वभावाने चांगले होते. "सोपं आहे हो," ते म्हणाले. "अ, ब, क, ड." मला वाटलं गंमत करतायत. पण ते खरोखरच चार नमुने निघाले: अ हा अर्ज, ब मध्ये संस्थेची माहिती, क मध्ये प्रवर्तकांची यादी, ड मध्ये हिशेब. जोडीला उपविधींच्या, म्हणजे संस्थेच्या नियमांच्या, चार प्रती आणि अडीच हजारांचं चलन. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सोसायटी नोंदवली होती, तीही झेरॉक्स मशीन नसताना. त्या मंडळींना मी मनोमन नमस्कार केला.

सगळं जमवून गेलो. क्लार्कनी नमुना क वरून पेन फिरवलं, ते एका ओळीवर थांबलं. "हे दोघं कोण?"

"दुसऱ्या मजल्यावरचे आबा आणि चौथ्या मजल्यावरचा त्यांचा मुलगा."

"मग एकच धरावा लागेल. किमान दहा जण हवेत, तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले. तुमचे नऊच झाले."

मी म्हटलं, "साहेब, यांचे फ्लॅट वेगळे, गॅस वेगळे, दूधवालासुद्धा वेगळा. दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत!" क्लार्कनी १९६० चा कायदा काढून कलम ६ माझ्यापुढे सरकवलं. कुटुंबातली व्यक्ती म्हणजे पत्नी, पती, वडील, आई, मुलगा किंवा अविवाहित मुलगी. "यात बोलतात की नाही, ते कुठे आहे?" त्यांनी विचारलं. खरंच नव्हतं. मुलगा सभासद होऊ शकत होता, पण दहांत मोजला जाणार नव्हता. (पुढे २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी दहाचे किमान पाच केले. आम्ही नेहमीप्रमाणे घाई केली.)

दहावा माणूस आणायचा कुठून? दोन फ्लॅट विकलेच गेले नव्हते. एक बिल्डरच्या मेहुण्याचा, आणि तो सही मागायला गेलं की पूजेला बसायचा. राहता राहिला तिसरा मजला. तिथे भाडेकरू होते आणि फ्लॅट होता आबांच्या लेकीचा, जी लग्न होऊन नाशिकला असते. ‘घरातलीच आहे’ म्हणून तिला आम्ही मोजलीच नव्हती. मी ते कलम पुन्हा वाचलं. अ-वि-वा-हि-त मुलगी. रात्री साडेदहाला आबांची बेल वाजवली.

ताई रविवारी पहिल्या गाडीने आल्या. चारही प्रतींवर भराभर सह्या करत म्हणाल्या, "बघा आबा, कायद्याने मला परकं केलं म्हणून तुमची सोसायटी होतेय." आबांनी चष्मा पुसला. दोनदा.

त्यानंतर त्रुटी निघाल्या, पूर्तता झाली, नवीन त्रुटी निघाल्या. अर्ज दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो, असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो, एवढंच मी इथे नोंदवतो. एक दिवस प्रमाणपत्र हातात पडलं. मेहुण्यानेच पेढे मागितले.

नोंदणीपासून तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. ती पार्किंगमध्ये भरली, आणि वयाने मोठे म्हणून सभेपुरते अध्यक्ष झाले आबा. पहिलाच विषय चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर होणारी गळती. आबा आणि मुलगा बोलायचे थांबले ते ह्याच गळतीवरून, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मुलगा उठला. अध्यक्षांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"अध्यक्ष महोदय, गळती माझ्या बाथरूममधून होत नाही."

"सन्माननीय सभासदांनी खाली बसावं," आबा म्हणाले. "प्लंबर उद्या नऊला येतोय. सन्माननीय सभासदांनी घरी थांबावं. आणि येताना आईच्या गोळ्या आणाव्यात, संपल्यात."

इतिवृत्त लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. मी लिहिलं: ‘विषय क्र. १ वर चर्चा झाली.’