पाणी मुरतंय कुठे?

हिवाळ्यात हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी) बांधून जंगलात झोपणाऱ्याला लोक हमखास एकच प्रश्न विचारतात, "थंडी नाही वाजत?" वाजते की. पण थंडीशी माझं भांडण नाही. ती बिचारी सरळमार्गी आहे. उणे दहा म्हणजे उणे दहा, जे काय करायचं ते समोरून करते. माझी तक्रार आहे पाण्याबद्दल. पाऊस नाही, नदी नाही, आभाळ निरभ्र, तरी सकाळी पांघरूण ओलं. कुठेतरी पाणी मुरत असतं, आणि चौकशी केली की आरोपी त्याच पांघरुणात घोरताना सापडतो.

हिशोबच मांडू. झोपलेला माणूस मिनिटाला साधारण सहा लिटर हवा आत-बाहेर करतो. हिवाळ्याची रात्र लांबलचक, दहा तास अंथरुणात धरले तर साडेतीन घनमीटरच्या वर हवा झाली. आत जाताना ही हवा कोरडी ठणठणीत असते. उणे दहाला एका घनमीटरमध्ये जेमतेम दोन-अडीच ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा फुप्फुसातून कोमट होऊन परतते तेव्हा प्रत्येक घनमीटरमागे तीसेक ग्रॅम पाणी उचलून आणते. म्हणजे नुसत्या नाकातोंडावाटे शंभर ग्रॅम गेले. कातडीतून न कळत झिरपणारा घाम जवळपास तेवढाच. सगळं मिळून पाव लिटरच्या घरात. झोपायच्या वेळी कोणी पाव लिटर पाणी आपल्या पांघरुणावर ओतलं असतं तर आपण त्याची सात पिढ्यांसकट आठवण काढली असती. इथे कोणाला बोलणार?

एवढंसं पाणी काय करतं? डाउनची (पांघरुणात भरलेल्या पक्ष्यांच्या मऊ पिसांची) ऊब पिसांत नसते, पिसांनी अडवून धरलेल्या हवेत असते. पिसं ओलावली की एकमेकांना चिकटतात, फुगीर पांघरूण चपटं होतं आणि अडवलेली हवा निघून जाते. त्यातून पाणी स्थिर हवेपेक्षा २५ पट चांगलं उष्णतावाहक. पहिल्या रात्री हे जाणवतही नाही. दुसऱ्या रात्री 'आज जरा गारठा जास्त आहे' असं वाटतं. गारठा तेवढाच असतो.

त्यात हॅमॉक ही वस्तूच मुळात उष्ण प्रदेशातली. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर पोचला तेव्हा तिथल्या घरांत त्याला सुती जाळ्यांसारखी टांगलेली अंथरुणं दिसली. जमिनीपासून वर, खालून वारा. अशा हवेत याहून शहाणी व्यवस्था नाही. आपण तीच व्यवस्था बर्फात नेतो, आणि मग तो खालचा वारा अडवण्यासाठी वेगळं सामान पाठीवर वाहतो.

हे सामान म्हणजे अंडरक्विल्ट, हॅमॉकच्या खाली टांगायचं पांघरूण. स्लीपिंग बॅगची पाठीखालची बाजू वजनाने दबून कागदासारखी होते, म्हणून ऊब हॅमॉकच्या बाहेरून, न दबता टांगावी लागते. टांगण्यात सगळी मेख आहे. इलॅस्टिकची दोरी फार ताणली की अंडरक्विल्ट कापडावर दाबला जाऊन चपटा होतो. सैल सोडली की मध्ये पोकळी राहते आणि त्या पोकळीत थंड हवा रात्रभर फेऱ्या मारते. तपासायची पद्धत सोपी: आत झोपा आणि सोबत्याला खालून हात लावायला सांगा. क्विल्ट पाठीला टेकलेला हवा, पण बोटांनी दाबला तर मऊपणाने आत जाऊन परत फुगला पाहिजे. दोन्ही टोकांच्या चुण्या ओढून बंद करा, खांद्यापाशी आणि टाचांपाशी उघडं राहिलेलं भगदाड हेच नव्वद टक्के तक्रारींचं मूळ असतं, असं माझं ठाम मत आहे. तिरकं झोपण्याची सवय असेल, आणि हॅमॉकमध्ये पाठ सपाट राहायला तिरकंच झोपावं लागतं, तर क्विल्टही त्याच तिरक्या रेषेत सरकवून घ्या. रिकाम्या हॅमॉकवर बरोबर दिसणारी मांडणी माणूस आत पडल्यावर बिघडते.

ओलाव्याच्या दृष्टीने अंडरक्विल्टचा एक मोठा गुण आहे: तो श्वास घेऊ देतो. पाठीची वाफ कापडातून, पिसांतून बाहेर निघते. याउलट हॅमॉकमध्ये फोमची मॅट घातली तर ऊब मिळते, सरकत राहते हा वेगळा छळ, पण वाफेला वाट नसते. पाठ आणि फोम यांच्यामध्ये ती गोळा होते आणि पहाटे शर्ट चिकटतो. फोमच वापरायची असेल तर तिच्यावर पातळ लोकरीचा थर घ्या. दोन पदरी हॅमॉक असेल तर मॅट दोन पदरांच्या मध्ये सरकवा, निदान अंगाला भिडणार नाही.

आता मुख्य गुन्हेगार, श्वास. मध्यरात्री नाक गार पडतं आणि माणूस नकळत पांघरुणात तोंड खुपसतो. दहा मिनिटं स्वर्ग! पण बाहेर जायचे ते सगळे शंभर ग्रॅम आता थेट पिसांत. नियम एकच: नाक-तोंड बाहेर. गार पडत असेल तर त्याला स्वतंत्र कपडा द्या, कानटोपी, बफ (गळ्यात घालायची कापडी नळी), काहीही. शिवाय हनुवटीखाली, टॉपक्विल्टच्या (अंगावरच्या पांघरुणाच्या) काठावर, हातरुमालाएवढं फ्लीसचं फडकं टाका. श्वासातली वाफ त्या फडक्यावर गोठते. सकाळी ते उचलून पाहण्यासारखं असतं: तोंडाच्या बाजूला पांढरी, सुईसारखी उभी लव, कडेला कडक बर्फाची किनार, आणि खालच्या बाजूने फडकं जवळजवळ कोरडं. एकदा झटकलं की सगळा बर्फ खाली. हीच लव क्विल्टच्या काठावर जमली असती तर अंगाच्या उबेने वितळून आत उतरली असती. या फडक्याचं वजन नगण्य, करणी थोर, आणि तरी निम्मे लोक ते घरी विसरतात.

काहीजण हॅमॉकला सगळीकडून लपेटणारी खोळ लावतात. वारा अडतो, आत थोडी ऊबही राहते. पण तोंडाच्या वर झरोका नसेल तर खोळीच्या आतून रात्रभर हिम जमतं, आणि कूस बदलली की ते चेहऱ्यावर झरझर पडतं. पहाटे तीन वाजता स्वतःच्याच श्वासाचा हिमवर्षाव झेलणं हा अनुभव शब्दांत सांगता येतो, पण ते शब्द छापता येत नाहीत. झरोका तळहाताहून मोठा हवा आणि बरोबर नाकाच्या वर हवा.

टार्पचंही, म्हणजे हॅमॉकवर ताणलेल्या कापडी छताचंही, तेच. दारं असलेला हिवाळी टार्प घेतला की सगळी दारं बंद करून, कडा बर्फाला टेकवून, आत गुडुप व्हावंसं वाटतं. मग उकळत्या भांड्यावरच्या झाकणाला आतून जे होतं तेच टार्पला होतं. वाऱ्याच्या बाजूची कड खाली घ्या, पण वीस-तीस सेंटिमीटर फट ठेवा, आणि विरुद्ध बाजूचं एक दार वरून उघडं सोडा. हवा फिरली पाहिजे. आणि टार्पखाली स्वयंपाक नको. पाणी उकळताना निघणारी वाफ वर जाऊन लगेच टार्पला चिकटते. बंद टार्पखाली स्टोव्ह पेटवला तर ओलावा ही फारच किरकोळ अडचण ठरते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो माणसाला झोपेतून उठू देत नाही.

जागा निवडताना लोक दृश्य पाहतात. मी आधी डोक्यावर फांद्या आहेत का ते पाहतो (वाळलेल्या, बर्फाने वाकलेल्या फांद्या सोडून, त्या डोक्यावर नसलेल्याच बऱ्या). निरभ्र रात्री उघड्या आकाशाखालचा टार्प आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतो, मग त्याच्यावर दव आणि हिम बाहेरूनही जमतं. दाट सदाहरित झाडाखाली हे बरंच कमी होतं. दरीचा तळ आणि ओढ्याचा काठ टाळा. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून वाहत येऊन तळाशी साचते, आणि पाण्याकाठी तिला दमटपणाची जोड मिळते. थोडं वर चढून गेलात तर त्याच रात्री दोन-चार अंशांची चैन फुकट.

सिलनायलॉनचा (सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचा) टार्प असेल तर झोपण्यापूर्वी आणखी एकदा ताणून घ्या. नायलॉन ओलं झालं की सैलावतं आणि मधोमध पोट सुटलेला टार्प क्विल्टवर टेकतो. पॉलिएस्टर इतकं ताणलं जात नाही. हॅमॉकच्या पट्ट्यांवर, टार्पच्या आडोशाच्या आत, सुतळीचा एक तुकडा बांधून लोंबता ठेवा. झाडावरून पट्टीवर ओघळणारं बर्फाचं पाणी तिथे थेंबाथेंबाने गळून पडतं, नाहीतर ते पट्टीचा माग काढत थेट उशीपाशी पोचतं.

एवढं करूनही कातडीची वाफ उरतेच. ती पांघरुणातून बाहेर निघते आणि वाटेत जिथे तिला पुरेसा गारवा भेटतो तिथे थांबते. कडाक्याच्या थंडीत ही जागा क्विल्टच्या बाहेरच्या कापडाच्या किंचित आत, पिसांतच असते. म्हणून क्विल्ट बाहेरून कोरडा वाटतो आणि हाताने चिवडला की आत बारीक खडे लागतात. यावर मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे डाउनच्या क्विल्टवर सिंथेटिकचा एक पातळ क्विल्ट. वाफ गोठण्याची जागा वर सरकून सिंथेटिकमध्ये जाते, आणि सिंथेटिक ओलं झालं तरी डाउनसारखं कोलमडत नाही. वजन वाढतं. वाढू दे.

दुसरा उपाय व्हेपर बॅरियर, म्हणजे वाफ अजिबात न सोडणारी खोळ, जिच्या आत माणूस आणि बाहेर पांघरूण. शास्त्र पक्कं आहे: कातडीजवळची हवा दमट झाली की घाम झिरपणं आपोआप मंदावतं, पिसं मात्र आठवडाभर कोरडी. अंगाला पातळ लोकर घालून त्यात शिरायचं आणि जरा गरम वाटलं की लगेच मान सैल करायची, उशीर केला तर आत तळं साचतं. उणे पंधराच्या खाली, आणि सलग अनेक रात्री, तर ही गोष्ट सोन्यासारखी. एक-दोन रात्रींसाठी मला विचाराल तर नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत स्वतःचं पार्सल बांधून घ्यायला एक विशिष्ट स्वभाव लागतो.

बाकी शहाणपण झोपण्याआधीचं. चालताना घामेजलेले कपडे अंगावर ठेवून पांघरुणात शिरू नये. कोरडा लोकरीचा जोड फक्त झोपेसाठी राखून ठेवावा, आणि कितीही मोह झाला तरी दिवसा घालू नये. 'जास्त घातलं की जास्त ऊब' हा समज सोडा. उकडलं की घाम, घाम आला की सगळं आलं. मध्यरात्री उठून एक थर काढण्याचा आळस सगळ्यात महाग पडतो. ओले मोजे पोटाशी धरून वाळवायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. मोजे वाळतात, खरं आहे. त्यातलं पाणी कुठे गेलं ते मात्र कोणी विचारत नाही. ते गेलं क्विल्टमध्ये. फार तर एक जोड, आणि तोही घट्ट पिळून.

झोपेच्या वेळी हॅमॉकमधली लोकसंख्या वाढते हेही सांगून ठेवतो. पाण्याच्या फिल्टरच्या बारीक नळ्या ओल्या असताना गोठल्या तर फुटतात, आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून तो आत. हेडलाइटच्या बॅटऱ्या आत. नुसत्या ब्युटेनचा गॅस शून्याच्या आसपासच बाष्प व्हायचा थांबतो, म्हणून सिलिंडर आत. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पायाशी. गरम पाण्याची कडक बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये, पण आधी ती उलटी धरून मिनिटभर हलवा. झाकणाचा आटा तिरका बसला असेल तर अख्ख्या रात्रीची काटकसर एका मिनिटात पाण्यात. आणि एवढ्या बाटल्यांत एक रुंद तोंडाची, वेगळ्या कामाची बाटली. तिच्यावर ठळक खूण हवी, अंधारात हाताला कळेल अशी, म्हणजे झाकणाला गुंडाळलेली चिकटपट्टी. नुसता वेगळा रंग कामाचा नाही.

सकाळी घाई करावी ती एकाच गोष्टीची. उन्हाचा पहिला कवडसा टार्पवर पडायच्या आत टार्प झटकून घ्या. गोठलेलं हिम झटकलं जातं, वितळलेलं पुसत बसावं लागतं. क्विल्टवरची लवही तशीच, ब्रशने किंवा हातमोज्याने. क्विल्ट अंगावरून काढल्याबरोबर, अजून कोमट असतानाच, दाबून आतली दमट हवा बाहेर काढा. थंड पडू दिला तर ती वाफ आतच गोठते. मग उलटा करून वाऱ्यावर टांगा, चहा होईपर्यंत. हाडं गोठवणारी कोरडी हवाही थोडा ओलावा ओढून घेते. टार्प मात्र वेगळ्या पिशवीत, सॅकच्या बाहेर. पिसांच्या शेजारी त्याला बसवलंत तर रात्रभर राखलेलं सगळं दुपारपर्यंत ओलं. वाटेत ऊन आणि वारा एकत्र भेटला की थांबा, काळं अस्तर असेल तर ते वर करून क्विल्ट पसरा आणि अर्धा तास उलटापालटा करा.

घरी आल्यावर क्विल्ट दोन-तीन दिवस उघडा टांगून ठेवा. वरचं कापड तासाभरात सुकतं आणि भलत्याच आशा लावतं. कोपऱ्यातला एखादा कप्पा चिमटीत धरून चोळून बघा. गुठळी लागली तर अजून एक दिवस.