कोळंबी गुहेत, तिचे पाणी बाहेरचे

गुहा म्हटले की आपल्याला वेरूळ-कार्ल्याची, कातळात माणसाने खोदलेली लेणी आठवतात. अमेरिकेत केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह तशी नाही. चुनखडक पाण्यात विरघळून ती तयार झाली आणि तिच्या तळाशी आजही नद्या वाहतात. त्या काळोख्या पाण्यात जेमतेम तीन सेंटीमीटरची एक कोळंबी राहते. अंगात रंग नसल्याने ती काचेसारखी आरपार दिसते. डोळ्यांचे देठ उरले आहेत, दृष्टी मात्र नाही. १९८३ साली अमेरिकी सरकारने तिला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घेतले आणि गुहेतील रोअरिंग रिव्हर हा भाग तिचा अत्यावश्यक अधिवास, म्हणजे तिला टिकून राहण्यासाठी गरजेची जागा, म्हणून जाहीर केला.

या संरक्षणाच्या मी पूर्ण बाजूने आहे. पण अधिवासाची रेघ गुहेच्या आत ओढली गेली, हे मला खटकते. गुहेतले बरेचसे पाणी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेरून, शेतांखालून, गावांखालून आणि आय-६५ महामार्गाखालून येते. चुनखडकाच्या प्रदेशात जमीन जागोजागी खचून खड्डे पडतात आणि पावसाचे पाणी त्यांतून, मातीत गाळले न जाता, थेट खाली उतरते. महामार्गावर एखादा टँकर उलटला तर रसायनही त्याच वाटेने जाणार. संकटग्रस्त प्राण्याला इजा करणे गुन्हा आहे खरे, पण भुयारी नदीत मेलेल्या कोळंब्या मोजणार कोण आणि दोष अमक्याच गोठ्यातून आलेल्या घाणीचा, हे सिद्ध तरी कसे करणार? केंद्राचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या कामात वन्यजीव खात्याशी आधी सल्लामसलत करावी लागते. मला कायद्याचे खरे बळ दंडापेक्षा या कलमातच दिसते.

जवळच्याच हॉर्स केव्ह गावाखालच्या हिडन रिव्हर केव्हमध्ये गावाचे सांडपाणी आणि दूध-प्रक्रिया कारखान्याची घाण वर्षानुवर्षे सोडली गेली. दुर्गंधीमुळे १९४३ साली ती गुहा पर्यटकांना बंद करावी लागली. १९८९ मध्ये परिसराचे नवे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू झाले आणि पुढे आंधळे मासे तिथे परतले. ते कुणा एका प्राण्याला यादीत घातल्याने घडले नाही. गटाराची वाट बदलली म्हणून घडले. म्हणूनच शेतातल्या खड्ड्याभोवती कुंपण घालून गवताचा पट्टा राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने त्या जमिनीचे पैसे मोजावेत, कारण कोळंबीचे पाणी तो राखतो आहे.