कॅसरोलचं भांडं परत द्यायला तरी जावंच लागतं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, जॉर्जिया-अलाबामाकडच्या कौटुंबिक कादंबऱ्या वाचून बरं वाटतं ते गोड शेवटामुळे, असं म्हणतात. मला ते पटत नाही. तुटलेली माणसं तिथे कामाच्या निमित्ताने समोरासमोर येतात, त्याने बरं वाटतं. 'चुकलं माझं' म्हणायची वेळ येते तोवर निम्मा समेट होऊन गेलेला असतो.

कॅसरोलचंच घ्या. तिकडे कुणाकडे मयत झालं की शेजारणी कॅसरोल (म्हणजे एकाच पसरट भांड्यात ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ), सारण भरलेली उकडलेली अंडी, पाउंड केक घेऊन दारात हजर. (मूळच्या पाउंड केकमध्ये मैदा, लोणी, साखर, अंडी, सगळं एकेक पाउंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. हलकाफुलका केक नव्हे तो!) भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव, परत मिळावं म्हणून. लेखकाला आणखी काय हवं? दहा वर्षं अबोला धरलेल्या नणंदेचं भांडं घरात आलं, की ते घासून तिच्या दारात नेऊन देणं आलं. सुतकाच्या घरी पिठलं-भाकरी पोचवणाऱ्यांना आणि शेजारचा डबा रिकामा परत न करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी जागा पोर्च, म्हणजे आपली ओसरीच. घरोघरी एसी येण्याआधी संध्याकाळचा उकाडा लोक तिथेच काढायचे. रुसलेल्या माणसाला घरात न घेताही तिथे बसवता येतं. खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडे, त्यामुळे नजरेला नजर न देता बोलता येतं.

'द कलर पर्पल' या कादंबरीत (1982) अल्बर्टने बायकोला, सेलीला, मारलेलं असतं, तिच्या बहिणीची पत्रं वर्षानुवर्षं दडवलेली असतात. शेवटाकडे तोच तिच्याशेजारी बसून शिवणकाम करतो. पुन्हा लग्नाचं विचारतो. ती नाही म्हणते, मैत्री चालेल म्हणते. संधी मिळाली, पण बेताने कापलेली, आणि कात्री तिच्या हातात.

फसलेल्या कादंबऱ्यांत नेमकं हेच नसतं. वारलेल्या बापाचं पत्र कपाटात सापडतं, सगळे रडतात, मिटलं! ज्याने भोगलं त्याला कुणी विचारतही नाही.

याहून मोठी खोट स्वयंपाकघरात असते. गोऱ्या कुटुंबाचं सांत्वन करणारी कृष्णवर्णीय स्वयंपाकीण आणि तिला स्वतःचं घरच नाही. 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे'च्या (1987) शेवटी पाककृती आहेत, त्या निदान सिप्सीच्या, म्हणजे कॅफेतल्या अशाच स्वयंपाकिणीच्या, नावावर दिल्यात. म्हणून असं पुस्तक घेताना शेवटचं पान बघू नका. मधलं जेवणाचं प्रकरण काढा: रांधतंय कोण, ती रात्री जाते कुठे, तिच्या पोरांची नावं कळतात का. नसतील कळत, तर पुस्तक खुशाल परत ठेवा.