एक मिलिमीटर म्हणजे एक मिलिमीटरच की!

तिसरी अडॅप्टर रिंग वाया गेली. तिसरी! माझ्याकडे कॅननची जुनी ५० मिमी लेन्स आहे, ३९ मिमी आट्यांची, म्हणजे स्क्रू माउंटची. ती लायकाच्या एम माउंटच्या, म्हणजे आट्यांऐवजी खाचांत लेन्स अडकवायच्या, कॅमेरा बॉडीवर चढवायची तर मधली रिंग बरोबर १ मिमी जाड हवी. स्क्रू माउंटचं फिल्मपासूनचं अंतर २८.८ मिमी, एमचं २७.८. १९५४ साली एम माउंट आला तेव्हापासून हे गणित तसंच आहे.

काल सकाळी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेम धरला. या कॅमेऱ्यात फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एक होतात. इथे बुरुजाच्या दोन प्रतिमा जवळ जवळ येतात आणि केसभर फट ठेवून थांबतात. लेन्स अनंतावर टेकलेली, पुढे फिरायला जागाच नाही. तडक उद्यमबागेत लेथवाल्या मित्राकडे गेलो. त्यानं मायक्रोमीटर लावला: १.०६ मिमी. लेन्स फिल्मपासून तेवढी जास्त दूर! म्हणजे चाळीसेक मीटरपलीकडचं काहीच धड फोकस होणार नाही! विकणारा म्हणतो, “एवढ्यानं काय होतंय हो?” अरे, रोलचा भाव माहीत आहे का तुला?

वर ५०-७५ मिमी लेन्सची म्हणून दिलेली रिंग व्ह्यूफाइंडरमध्ये चित्राची हद्द दाखवणाऱ्या चौकटी आणते त्या ३५-१३५ मिमीच्या. ते तर मोजायचीही गरज नाही, डोळ्यांना दिसतं.

मित्रानं रिंग फिरवून दुसऱ्या बाजूला मोजली. १.०३. “ही घासूनसुद्धा सरळ व्हायची नाही बघ,” म्हणाला. हायड्रॉलिकचे भाग मायक्रॉनमध्ये बसवणारा माणूस तो, त्याचाच चेहरा पडला. आता चार ठिकाणी मोजलेल्या जाडीचे फोटो आल्याशिवाय मी कुणालाही एक रुपया देणार नाही.