पाहुण्याला घारापुरी कशी दाखवावी

तुमच्या ऑफिसात जर्मनीहून साहेब आला असेल, किंवा पुतण्याने टेक्सासहून मित्र धाडला असेल, तर त्याला घारापुरी दाखवणं तुमच्यावर आलंच. शाळेच्या सहलीनंतर तुम्ही स्वतः तिकडे फिरकला नसाल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. जागतिक वारसा जगासाठी असतो, मुंबईकराला लोकल पुरते. सोमवार तेवढा टाळा, लेणी बंद असतात. उरलेल्या सहा दिवसांत रविवार उत्तम. चेंगराचेंगरी अनुभवल्याशिवाय पाहुण्याला भारत पाहिल्यासारखं वाटत नाही.

गेटवेवरून लाँचने तासाभराचा रस्ता. थंडीचे दिवस असतील तर लाँचमागे सीगल लागतात. तेही परदेशी पाहुणेच, हिमालयापलीकडून आलेले, फक्त त्यांना तिकीट नाही. त्यांचं आदरातिथ्य शेव-गाठ्यांनी करायची रीत पडली आहे. मूठभर शेव हवेत उडवा, पक्षी झेपावला की पोराला कडेवर घेऊन व्हिडिओ काढा. त्याचं पोट मासळीसाठी बनलंय की मसाला शेवेसाठी, हा विचार तुम्ही करू नका. आणि रिकामं पाकीट किती वेळ हातात धरणार? खाली एवढा मोठा समुद्र आहे.

तिकिटाच्या खिडकीवर मात्र सावध राहा. भारतीयाला 40 रुपये, परदेशी माणसाला 600. ‘अतिथी देवो भव’ या खिडकीपासून जरा लांब गेल्यावर म्हणावं. पाहुणा चौकस असेल तर विचारेल, या पैशांतून बेटाची देखभाल होत असेल ना? तुम्ही मान हलवा. तिकिटाचा पैसा दिल्लीच्या तिजोरीत जातो आणि ग्रामपंचायत जेटीवर प्रवासी कर म्हणून घेते ती चिल्लर, हा तपशील त्याला कशाला? घारापुरी जागतिक वारसा यादीत गेली 1987 साली. बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली फेब्रुवारी 2018 मध्ये. मधली 31 वर्षं जगभरची माणसं येऊन गेली, आणि त्यांची शेवटची लाँच सुटल्यावर गावकरी संध्याकाळी काही तास जनरेटरवर भागवत राहिले. पाहुण्याने खोदून विचारलंच तर सांगा, आम्ही प्राचीन वातावरण जपत होतो.

आता पायऱ्या. साधारण 120, आणि दोन्ही बाजूंना दुकानं: टोप्या, माळा, दगडाचे हत्ती, वर ताडपत्री. ‘पर्यटनामुळे स्थानिकांना रोजगार मिळतो’ असं भाषणांत ऐकता ना, तो रोजगार इथे बसलेला असतो. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन वाड्यांतल्या बाया काकडी, कैरी घेऊन बसतात. तुम्ही लाँचवाल्याला, टॉय ट्रेनला आणि गाईडला निमूट पैसे मोजलेले असतात. कसर भरून काढायची हीच जागा. तीसची काकडी वीसला मागा.

“दादा, खालून डोक्यावर चढवलीय टोपली.”

ऐकून घेऊ नका. पाहुणा बघतोय, त्याला आपलं व्यवहारचातुर्य दिसलं पाहिजे. शेवटी तोच ओशाळून शंभराची नोट पुढे करेल आणि सुटे नको म्हणेल. तेव्हा त्याला बाजूला घेऊन समजवा, की तुम्ही लोक आमच्याकडचे भाव बिघडवता.

मुख्य लेण्यात शिरल्यावर वीसेक फूट उंचीचा, तीन मुखांचा सदाशिव समोर येतो. (इथे थट्टा थांबवतो. अंधाराला डोळे सरावले की मधला चेहरा हळूहळू दिसू लागतो, आणि कितीही बडबड्या माणसाचा आवाज क्षणभर खाली येतो.) तो क्षण टळावा म्हणून लगेच मोबाइल काढा, फ्लॅश चालू ठेवा. पाठीमागे अजून चाळीस माणसं त्याच चौकटीत मावायला धडपडत असतात. मधल्या मुखाचे डोळे मिटलेले आहेत, ते बरंच आहे.

शिल्पांचे हातपाय तुटलेले दिसतील. पाहुणा हळहळला की पोर्तुगीजांचं नाव घ्या. ते खरंही आहे. त्यांच्या शिपायांनी या शिल्पांवर नेमबाजी केल्याचं सांगतात, आणि इथला शिलालेख त्यांनी पोर्तुगालला नेला तो कायमचा गहाळ झाला. इथल्या एका दगडी हत्तीवरून बेटाला ‘एलिफंटा’ हे नावही त्यांचंच. तो हत्ती पुढे इंग्रजांनी हलवायला घेतला आणि फोडून ठेवला. आज तो जोडलेल्या अवस्थेत भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. सगळं खापर असं परदेशी डोक्यावर फुटलं, की आपण शांतपणे खांबाला पाय लावून बूट बांधायला मोकळे. आपल्या बंड्याचं आणि पिंकीचं नाव भिंतीवर कोरायचं असेल तर मात्र घाई करा. कायद्याने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. बंड्याला हे ठाऊक नसतं, आणि पहारेकरी एकटा कुठे कुठे धावणार?

पाहुणा युरोपातला असेल तर नको ती उदाहरणं देईल. फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा 1963 सालीच लोकांसाठी बंद केली, कारण बघणाऱ्यांच्या श्वासाने चित्रं बिघडत होती, आणि लोकांना नक्कल दाखवतात. व्हेनिसने 2024 पासून ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांवर पाच युरोंचा कर बसवला. या माहितीने डगमगू नका. माणसांच्या संख्येवर मर्यादा घालणं म्हणजे यात्रेला टोकन देणं, आपल्याला ते मानवणार नाही. आपल्याच अजिंठ्याला गाड्या लांब थांबवून बसने नेतात, आणि तेवढ्यावरूनही लोक कुरकुर करतात.

घरी आल्यावर पाच तारे द्या, खाली ‘अस्वच्छता फार’ असं लिहा आणि पुढच्या सहलीची आखणी करा. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले यादीत गेले आहेत. रायगड, प्रतापगडला जायला तुम्ही उशीर केला, तिथे आधीच झुंबड आहे. मुंबईजवळचा खांदेरी घ्या. थळच्या किनाऱ्यावरून बोट ठरवावी लागते, भाव वाढायच्या आत ठरवा. बेटावर एक खडक आहे, त्यावर दगड मारला की धातूच्या भांड्यासारखा खणखणतो. आजवर थोड्याच लोकांनी तो वाजवलाय. पाहुण्याला बरोबर न्या, आणि जाताना हाताला बसेल असा चांगला दगड घेऊन जा.