परदेशात जाताना सिम काढून ठेवू नका: त्या फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात तो असा: "परदेशात जाताय? निघण्याआधी आपलं सिम काढून घरी ठेवा, सिम फोनमध्ये असलं की बिल आपोआप चढतं. रोमिंग म्हणजे लूट, त्यापेक्षा ट्रॅव्हल ई-सिम घ्या, ते कुठल्याही फोनमध्ये कुठल्याही देशात चालतं आणि डेटा अनलिमिटेड. एअरपोर्टचं, हॉटेलचं वायफाय चुकूनही वापरू नका, बँक खातं रिकामं होतं. नेट नसेल तर मॅपसुद्धा चालत नाही, म्हणून उतरल्या उतरल्या आधी डेटा घ्या. सगळ्यांना पाठवा."

परवा आत्याने हाच मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, सिम कशाने काढायचं रे, ती पिन सापडत नाहीये. ती पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकटी परदेशात जातेय, तेही तीन देश. फोनवर समजावायला गेलो तर अर्ध्या तासात निम्मंही झालं नाही, म्हणून हे नीट लिहून काढतोय. ज्याने कुणी तो मेसेज लिहिला त्याला एखाद्या मोठ्या बिलाचा चटका बसला असणार, हेतू वाईट वाटत नाही. पण त्यातला पहिलाच सल्ला माणसाला परक्या देशात अडकवणारा आहे, आणि मी स्वतः तसा अडकलोय.

"सिम काढून घरी ठेवा"

मी ठेवलं होतं. पाकिटात घालून, कपाटाच्या खणात. चौथ्या दिवशी रात्री दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या ट्रेनचं तिकीट काढायला बसलो, कार्डाचा नंबर टाकला आणि स्क्रीनवर आलं, तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. खाली घड्याळ उलटं चालू, २:५९, २:५८. फोनमध्ये ई-सिम (म्हणजे कार्ड न घालता नेटवरून फोनमध्ये डाउनलोड केलेलं सिम) मस्त चालू, नेट फुल, आणि ज्या नंबरवर ओटीपी येणार तो हजारो किलोमीटरवर खणात पडलेला. मग भावाला व्हॉट्सअ‍ॅप कॉल करून झोपेतून उठवलं, त्याने ते सिम जुन्या फोनमध्ये घातलं, फोन चालू व्हायला वेळ लागला, पहिला ओटीपी गेला, दुसरा गेला, तिसरा त्याने वाचून दाखवला तेव्हा लागला, तोपर्यंत ज्या गाडीत जागा होती ती भरलेली. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणतात ना, मी तो फोनवर वाचून घ्यायची वेळ स्वतःवर आणली.

म्हणजे बघा, सिम हे फक्त नेटसाठी नसतं. तो नंबर म्हणजे तुमची ओळख आहे. बँक त्यावर ओटीपी पाठवते, ईमेल नव्या ठिकाणाहून उघडलं की त्यावर कोड येतो, कार्डावर संशयास्पद व्यवहार झाला तर त्यावर कळतं, विमानाची वेळ बदलली तर मेसेज त्यावर. ट्रॅव्हल ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं, त्याला धड स्वतःचा नंबरही नसतो. ते या कामाला काहीच उपयोगाचं नाही.

आणि सिम नुसतं फोनमध्ये ठेवून पण भागत नाही हं. बऱ्याच कंपन्यांमध्ये रोमिंग, म्हणजे आपलं सिम परदेशातल्या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर चालण्याची सोय, आधी चालू करून घ्यावं लागतं, नाहीतर तिकडे उतरल्यावर सिम कुठलंच नेटवर्क पकडत नाही आणि मग एसएमएससुद्धा येत नाही. हे काम घरी असतानाच करायचं, कारण तिकडे गेल्यावर कस्टमर केअरला फोन करायलाही तेच सिम चालू लागतं. पॅक नाही घेतला तरी चालेल, सेवा चालू पाहिजे. येणारा एसएमएस बहुतेक प्लॅनमध्ये रोमिंगवर फुकट असतो, तरी आपल्या प्लॅनमध्ये काय आहे ते एकदा बघून घ्या.

"सिम फोनमध्ये असलं की बिल आपोआप चढतं"

हे निम्मं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. आपोआप चढतो तो डेटा. फोन उतरल्यावर चालू केला की फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, ईमेल सगळं एकदम धावत सुटतं, तुम्ही फोनला हातही लावलेला नसतो. पण त्यासाठी सिम काढायची गरज नाही, सेटिंगमध्ये त्या सिमचं डेटा रोमिंग बंद करायचं, बास. ते बंद असताना ओटीपी येतो आणि डेटा जात नाही.

डेटा बंद केल्यावरही पैसे लागू शकतात अशा दोनतीन जागा मात्र आहेत आणि त्या मेसेजमध्ये एकही नाही. एक, आलेला कॉल उचलणं, रोमिंगवर इनकमिंगलाही अनेकदा चार्ज असतो. दोन, व्हॉइसमेल, म्हणजे न उचललेल्या कॉलचा निरोप रेकॉर्ड करणारी सोय: तुम्ही कॉल उचलला नाही तर तो परदेशातून परत घरच्या व्हॉइसमेलकडे वळवला जातो आणि काही कंपन्या त्या उलट्या प्रवासाचे पण पैसे लावतात, म्हणून निघण्याआधी ते वळवणं बंद करा. तीन, आयफोन आयमेसेज आणि फेसटाइम चालू करताना गुपचूप एक एसएमएस पाठवतो, तो परदेशी नंबरला जातो आणि त्याचा चार्ज लागू शकतो.

आणि खरी भीती बाळगायची असेल तर ती जहाजाची बाळगा. क्रूझवर किनारा लांब गेला की फोन जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो, ते सॅटेलाइटवरून चालतं आणि प्रचंड महाग असतं, साध्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा नसतंच. विमानातल्या मोबाइल नेटवर्कचंही तेच. तिथे मात्र सरळ एअरप्लेन मोड, आणि वायफाय लागलं तर तेवढं वेगळं चालू करायचं.

"रोमिंग लूट आहे, ई-सिम घ्या"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण बहुतेक ट्रॅव्हल ई-सिम हे स्वतःच रोमिंग असतं! कंपनी कुठल्यातरी तिसऱ्याच देशातल्या ऑपरेटरचं प्रोफाइल (म्हणजे त्या सिमची माहिती) तुम्हाला देते आणि ते तुम्ही जाल त्या देशात रोमिंगवर चालतं. स्वस्त पडतं कारण त्यांनी घाऊक दरात करार केलेले असतात.

हे कळलं नाही की काय होतं? मेसेज वाचून घाबरलेला माणूस दोन्ही सिमचं डेटा रोमिंग बंद करतो आणि मग ई-सिमचं नेट चालत नाही, फसवलं म्हणून बोंबलतो. घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद आणि ट्रॅव्हल ई-सिमचं चालू, असं पाहिजे. आयफोनमध्ये अजून एक बटण असतं, एका सिमचा डेटा नीट मिळाला नाही तर दुसऱ्यावर जायला परवानगी देणारं, तेही बंद करून टाका म्हणजे चुकूनसुद्धा गाडी घरच्या सिमवर जायला नको.

दुसरा परिणाम म्हणजे तुमचं नेट सहसा जिथून सिम आलं त्या देशातून फिरून येतं. तुम्ही टोकियोत बसलेले असता आणि वेबसाइटला वाटतं तुम्ही सिंगापूरला आहात. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे तो देश १०,००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात सेकंदाचा दहावा भाग जातो. वाचायला तेवढं जाणवत नाही, व्हिडिओ कॉलवर जाणवतं. याच कारणाने चीनमध्ये, जिथे व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल अडवलेलं आहे, बाहेरच्या देशाच्या रोमिंग सिमवर ते साधारणपणे चालतं आणि तिथल्या हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. म्हणजे काही ठिकाणी रोमिंगच तुमच्या कामाचं असतं. दोन दिवसांचं काम असेल, एकच देश असेल तर घरच्या कंपनीचा छोटा रोमिंग पॅक घेणं काही मूर्खपणा नाही, हिशोब करून बघायचा.

जाता जाता, "युरोपात रोमिंग फुकट आहे" असंही याच मेसेजच्या एका आवृत्तीत जोडलेलं पाहिलं. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये घरच्याच दरात रोमिंग हा नियम आहे हे खरं, पण तो तिथल्या सिमला. बाहेरून नेलेल्या सिमला नाही. आणि स्वित्झर्लंड त्या नियमात येत नाही, त्यामुळे युरोपचा प्लॅन घेताना देशांची यादी उघडून स्वित्झर्लंड आहे का ते बोट ठेवून बघा. आत्याच्या तीन देशांत तो आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

"कुठल्याही फोनमध्ये, कुठल्याही देशात"

नाही. फोनवर *#०६# डायल करा, आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला तर तुमच्या फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. नाही दिसला तर नाद सोडा, तिकडचं साधं प्रीपेड सिम घ्या, बऱ्याच देशात त्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. आयफोन आहे म्हणजे ई-सिम असणारच असंही नाही, चीनमध्ये विकलेल्या बहुतेक आयफोनमध्ये दोन साध्या सिमची जागा असते. हप्त्यावर घेतलेला, कंपनीने लॉक केलेला फोन असेल तर दुसरं सिम लागतच नाही.

देशांचंही तसंच. तुर्कस्तानने २०२५ च्या जुलैमध्ये बऱ्याच परदेशी ई-सिम कंपन्यांच्या साइट बंद केल्या, तिथे उतरून विकत घेऊ म्हणणारा बसला. म्हणून घरच्या वायफायवर ई-सिम आधीच उतरवून (डाउनलोड करून) घ्या. ई-सिम उतरवायलाच नेट लागतं ही साधी गोष्ट "उतरल्या उतरल्या घ्या" म्हणणारे विसरतात. फक्त दिवस मोजायला कधी सुरुवात होते ते वाचा, काहींचे टाकल्या क्षणापासून सुरू होतात, काहींचे तिकडचं नेटवर्क पकडल्यावर. आणि ई-सिम टाकायला स्कॅन करायचा क्यूआर कोड सहसा एकदाच चालतो, नेट चालत नाही म्हणून वैतागून प्रोफाइल डिलीट करू नका, ते परत येत नाही. आधी डेटा रोमिंग तपासा.

"डेटा अनलिमिटेड"

बारीक अक्षरं वाचा. रोज ठराविक जीबी झाले की वेग पाडतात, अगदी १२८ केबीपीएसपर्यंतसुद्धा. म्हणजे सेकंदाला १६ केबी. फोनमधला साधा ३ एमबीचा फोटो पाठवायला तीन मिनिटांच्या वर लागतात, मॅप तुकड्या तुकड्याने उमटतो आणि तोपर्यंत तुम्ही चौक ओलांडून गेलेले असता. नाव अनलिमिटेडच. त्यापेक्षा ठराविक जीबीचा पूर्ण वेगाचा प्लॅन परवडतो, कारण मॅप, मेसेज, तिकिटं याला डेटा फार कमी लागतो. खातो तो व्हिडिओ, चांगल्या क्वालिटीत तासाला ३ जीबीपर्यंत. तो हॉटेलच्या वायफायवर बघा.

"वायफाय वापरलं की खातं रिकामं"

आज बँकेचं अ‍ॅप आणि जवळजवळ प्रत्येक वेबसाइट एनक्रिप्शन वापरते, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवते, नुसतं वायफायला जोडल्याने शेजारी बसलेल्याला तुमचा पासवर्ड दिसत नाही. खरा धोका वेगळा आहे: खऱ्यासारख्या नावाचं खोटं वायफाय आणि त्याचं खोटं लॉगिन पान. वायफायसाठी कुणी कार्डाचा नंबर, ईमेलचा पासवर्ड मागितला, अ‍ॅप टाकायला सांगितलं किंवा ब्राउझरने सर्टिफिकेटची (म्हणजे साइट खरी असल्याची खात्री पटत नाही अशी) धोक्याची सूचना दाखवली तर तिथून बाहेर पडा. बाकी घरी फोटो पाठवायला, व्हिडिओ कॉल करायला खुशाल वापरा.

"नेट नसेल तर मॅप चालत नाही"

जीपीएसला नेट लागत नाही. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सिग्नल सोडतात, फोन तो फक्त ऐकतो, किमान चार उपग्रह मिळाले की जागा कळते. नेटचा उपयोग उपग्रह लवकर शोधायला होतो, नेट नसेल तर मोकळ्या आकाशाखाली अर्धा मिनिट, कधी थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. नेट लागतं ते नकाशाच्या चित्राला, आणि ते घरून डाउनलोड करता येतं. चालू ट्रॅफिक आणि बसच्या बदललेल्या वेळा मात्र ऑफलाइन मिळत नाहीत.

काल आत्याकडे जाऊन आलो. तिचं सिम फोनमध्येच आहे, रोमिंग चालू करून घेतलंय, त्याचं डेटा रोमिंग बंद, शेजारी ई-सिम उतरवलंय आणि दोन्हींना नावं दिलीत, "घर" आणि "प्रवास", म्हणजे गोंधळ नको. तीन शहरांचे नकाशे डाउनलोड केले. मग फोन एअरप्लेन मोडला टाकून तिला खाली अंगणात नेलं. निळा ठिपका यायला जवळपास मिनिटभर लागला, ती हात वर करून फोन आकाशाकडे धरून उभी होती. आला तेव्हा म्हणाली, अरे, हे तर सिमशिवाय दिसतंय. म्हटलं, हो आत्या, पण सिम काढायचं नाही.